घोडवाटेवरील सायकल

दक्षिण इंग्लंडमधील हँपशर काउंटीत बटसर नावाची खडूच्या दगडाची एक टेकडी आहे. तिच्या शेजारीच क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क हे मुख्यतः बीच वृक्षांचे वन पसरलेले असून त्यातून ‘साउथ डाउन्स वे’ हा मार्ग जातो. विंचेस्टरपासून समुद्रकाठच्या ईस्टबोर्नपर्यंत हा मार्ग सुमारे १६० किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या जवळजवळ संपूर्ण लांबीवर माणसे पायी चालतात, घोड्यावरून जातात आणि सायकलवरूनही जातात. या तिघांचाही त्यावर कायद्याने हक्क आहे.

अशा एखाद्या वनवाटेवर नेहमी घडू शकणारा प्रसंग विचारात घेऊ. एक स्त्री घोड्यावर बसून सावकाश चढण चढत आहे. वाट दोन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना झाडी, पुढे वळण. तिच्या मागून एक तरुण सायकलवरून येत आहे. त्याची सायकल चांगल्या स्थितीत आहे, म्हणजेच तिचा आवाज जवळजवळ होत नाही. घोडा दिसताच तो वेग थोडा कमी करतो आणि बाजूने पुढे निघून जातो. त्याच्या मनात कोणताही वाईट हेतू नाही. किंबहुना मोटारगाडीला मागे टाकताना जेवढी सावधगिरी बाळगावी तेवढी त्याने बाळगलेली आहे. परंतु सायकल बाजूला येताच घोडा दचकून आडवा उडी मारतो, आणि स्वार तोल सावरू न शकल्यास खाली पडतो. पाचशे किलो वजनाच्या जनावराच्या पायांखाली पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

ह्या प्रसंगात चूक कोणाची? सायकलस्वार म्हणेल की आपण नियम मोडला नाही. घोडेस्वार म्हणेल की सायकलींना येथे येऊ देणेच चूक आहे. दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. एकाच वाटेवर दोन इतके भिन्न प्रवासी सुखरूप चालावयाचे असतील तर ती वाट कशी निर्माण झाली, सायकल तेथे कशी आली आणि घोडा जगाकडे कसा पाहतो, ह्या तिन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

घोडवाट म्हणजे काय

इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीवरूनही जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे दाट जाळे आहे. शेतमजूर कामावर, गावकरी चर्चला, व्यापारी बाजाराला ज्या वाटांनी शतकानुशतके गेले, त्या वाटांवर लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क रूढीने निर्माण झाला. एकदा निर्माण झालेला हा हक्क केवळ वापर थांबल्यामुळे नष्ट होत नाही, हे तेथील न्यायव्यवस्थेचे जुने तत्त्व आहे. १९४९ साली संमत झालेल्या राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रदेशात प्रवेश यासंबंधीच्या अधिनियमाने ह्या वाटांची नोंद करून अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली.

ह्या वाटांचे वर्ग आहेत. केवळ पायी जाण्यासाठी असलेली ती पायवाट. जिच्यावरून पायी जाता येते, तसेच घोड्यावर बसून किंवा घोड्याला हाताशी धरून जाता येते, ती ‘ब्रायडलवे’. ब्रायडल म्हणजे लगाम. ज्या वाटेवर लगाम हाती घेऊन जाण्याचा हक्क आहे ती ही वाट. आपण तिला घोडवाट म्हणू. ज्या काळी ओझे वाहणारी घोडी व खेचरे हे मालवाहतुकीचे मुख्य साधन होते, त्या काळाची ती आठवण आहे. डोंगराळ भागांत गाडीरस्ते नसताना लोकर, मीठ, कोळसा ह्यांची ने-आण अशाच वाटांवरून होत असे.

मोटारगाडी आल्यानंतर घोडा कामाचा उरला नाही. तो हौसेचा झाला. परंतु घोडवाटांचे महत्त्व कमी झाले नाही, उलट ते वाढले. पूर्वी घोडेस्वार साध्या रस्त्यानेही निर्धास्त जाऊ शकत असे. आता रस्ता मोटारींनी व्यापला. वाटांच्या एकूण जाळ्यापैकी घोड्याला मोकळा असलेला भाग इंग्लंडमध्ये ढोबळमानाने एक पंचमांशच आहे, आणि तोही तुटक. म्हणून ज्या थोड्या वाटा आपल्या उरल्या आहेत त्यांविषयी घोडेस्वार हळवा असतो, हे समजण्यासारखे आहे.

१९६८ चे एक कलम

सायकलस्वाराला ह्या वाटांवर जाण्याचा हक्क प्रथमपासून नव्हता. तो १९६८ च्या ग्रामीण प्रदेश अधिनियमाने मिळाला. ह्या अधिनियमाच्या ३० व्या कलमान्वये कोणाही नागरिकाला घोडवाटेवरून सायकल चालविण्याचा हक्क देण्यात आला. मात्र त्याच वाक्यात एक अट घालण्यात आली: हा हक्क बजावताना सायकलस्वाराने पादचाऱ्यांना व घोड्यावरील व्यक्तींना वाट दिली पाहिजे. शिवाय, सायकलस्वारांना सोयीचे व्हावे म्हणून घोडवाट सुधारण्याचे कोणतेही बंधन ह्या कलमामुळे उत्पन्न होत नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

ह्या कलमाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सायकलस्वाराला हक्क मिळाला, पण तो पाहुण्याचा हक्क आहे. घर दुसऱ्याचे आहे, आत येण्यास मज्जाव नाही, फक्त आल्यावर घरातील रीत पाळावी, अशी ही भूमिका आहे. हक्क आणि अट ही एकाच वाक्यात बांधलेली असल्यामुळे अट ही केवळ सौजन्याची सूचना ठरत नाही. ती हक्काचाच भाग ठरते.

१९६८ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती सायकल होती? अरुंद टायरांची, तीन किंवा पाच गिअरांची, मागे पिशवी बांधलेली प्रवासी सायकल. अशा सायकलीवरून चिखलाच्या, दगडगोट्यांच्या वाटेने जाणे हा वेगाचा नव्हे तर चिकाटीचा उद्योग होता. चढावर उतरून सायकल ढकलावी लागे आणि उतारावर तीच भीतीपोटी सावकाश न्यावी लागे. अशा सायकलस्वाराची आणि घोड्याची गाठ पडली तरी दोघांचा वेग फारसा निराळा नसे. कलम लिहिले गेले ते ह्या परिस्थितीत. ज्या यंत्राने ही परिस्थिती बदलून टाकली त्याचा जन्म त्यानंतर एका दशकाच्या आतच, परंतु अटलांटिकपलीकडे झाला.

कॅलिफोर्नियातील उतार

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे मरिन काउंटी आहे. तेथे टॅमलपायस नावाचा सुमारे ७८४ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते आणि जुन्या पाऊलवाटा आहेत. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुणांनी १९३० ते १९४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली मिळविल्या आणि त्या डोंगरावर नेऊन उतारावरून खाली सोडण्याचा छंद सुरू केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांची पहिली वेळ मोजून घेतलेली शर्यत झाली. त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पेडल उलटे दाबून लावण्याचे मागच्या चाकातील ब्रेक त्या उतारावर एवढे तापत की हबमधील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. ह्या पुन्हा भरण्यावरून ते नाव आले.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ ह्याने खास ह्याच कामासाठी नवी फ्रेम तयार केली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली ह्यांनी टॉम रिची ह्याने बनविलेल्या फ्रेमांच्या सायकली विकण्यास प्रारंभ केला. १९८१ मध्ये एका कंपनीने अशी सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि माउंटन बाइक हा शब्द जगभर पोहोचला. रुंद व खोल नक्षीचे टायर, भक्कम ब्रेक, पुष्कळ गिअर आणि पुढे धक्के शोषून घेणारी स्प्रिंगची योजना ह्यांमुळे, जेथे पूर्वी सायकल ढकलत न्यावी लागे तेथे ती आता वेगाने नेता येऊ लागली.

टॅमलपायसच्या वाटांवर पायी हिंडणाऱ्यांची आणि घोडेस्वारांची परंपरा त्याआधीच रुजलेली होती. त्यांच्याशी ह्या नव्या मंडळींचा खटका उडाला. त्याची परिणती अशी झाली की तेथील पाणलोट क्षेत्रातील अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद करण्यात आल्या आणि रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची, तर आंधळ्या वळणांवर ताशी ५ मैलांची वेगमर्यादा घालण्यात आली. ज्या भूमीत माउंटन बाइकचा जन्म झाला तेथेच तिला प्रवेशबंदी व्हावी, हा योग विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या संघीय भूमीवरही असेच घडले. १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने संरक्षित वन्यप्रदेशांत यांत्रिक वाहतुकीला मनाई केलेली होती. यांत्रिक म्हणजे इंजिनाची, की माणसाच्या पायांनी चालणारी सायकलही, हा प्रश्न काही काळ संदिग्ध राहिला. १९८४ मध्ये वनसेवेने आपल्या नियमांत सायकलीला स्पष्ट मनाई केली. घोड्यांना मात्र तेथे प्रवेश राहिला. सायकलस्वारांना हा भेदभाव वाटला, कारण वाटेची झीज घोड्याच्या खुरांनी अधिक होते असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. १९९४ साली मोंटाना राज्यातील वाटांवर झालेल्या एका अभ्यासात घोड्यांच्या व पादचाऱ्यांच्या पायांनी सायकलींच्या चाकांपेक्षा अधिक माती मोकळी होते, असे दिसून आले. पण मातीची झीज हा घोडेस्वारांच्या तक्रारीचा गाभा नव्हता. त्यांची तक्रार भीतीची होती, आणि भीतीला मातीच्या मापाने उत्तर देता येत नाही.

सायकलस्वारांतील विचारी मंडळींनी हे ओळखले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना स्थापन केली. बंदीविरुद्ध दाद मागावयाची असेल तर प्रथम स्वतःला शिस्त लावून घेतली पाहिजे, हे तिच्या कार्याचे सूत्र होते. अमेरिकेतील अनेक वाटांच्या तोंडाशी आज एक त्रिकोणी फलक दिसतो. सायकलस्वाराने पादचारी व घोडा ह्या दोघांना वाट द्यावी आणि पादचाऱ्याने घोड्याला द्यावी, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमधील १९६८ च्या कलमाशी ह्याचे साम्य उघड आहे. दोन दूरच्या देशांत, निरनिराळ्या मार्गांनी, लोक एकाच नियमावर येऊन पोहोचले. त्याचे कारण माणसांच्या कायद्यात नसून घोड्याच्या स्वभावात आहे.

घोडा का बुजतो

घोडा हा शिकारी प्राणी नव्हे. तो ज्याची शिकार होते असा प्राणी आहे. मोकळ्या गवताळ प्रदेशात त्याच्या पूर्वजांचे रक्षण शिंगांनी किंवा नख्यांनी झाले नाही, ते पळून जाण्याने झाले. ज्याने आधी पळ काढला आणि नंतर विचार केला तो वाचला. ज्याने आधी विचार केला त्याचा वंश राहिला नाही. माणसाळून हजारो वर्षे झाली तरी हा स्वभाव त्याच्या अंगी पक्का आहे. ‘घोडा बुजला’ असे आपण म्हणतो तेव्हा ह्याच स्वभावाचे दर्शन घडते.

त्याच्या ज्ञानेंद्रियांची रचनाही त्यास अनुसरूनच आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आपल्याभोवतीचा जवळजवळ संपूर्ण घेर, सुमारे ३५० अंशांपर्यंत, डोके न वळविता दिसतो. परंतु शेपटीच्या थेट मागे एक पट्टा त्याला दिसत नाही, आणि कपाळाच्या अगदी पुढची लहानशी जागाही दिसत नाही. बाजूच्या बहुतेक भागात तो एका वेळी एकाच डोळ्याने पाहतो. तेथे हालचाल त्याला चटकन कळते, पण ती वस्तू नेमकी काय आणि किती दूर आहे हे नीट कळत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्यासाठी त्याला तोंड वळवून त्या वस्तूकडे पाहावे लागते.

कानांचेही तसेच आहे. माणसाला सामान्यतः सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर घोड्याला ३३ हजारांच्या आसपासचाही येतो. दोन्ही कान तो स्वतंत्रपणे फिरवू शकतो, आणि स्वाराला आपल्या घोड्याचे लक्ष कोठे आहे हे त्या कानांवरूनच समजते.

आता आरंभीचा प्रसंग घोड्याच्या बाजूने पुन्हा पाहू. सायकल मागून येते, म्हणजे न दिसणाऱ्या पट्ट्यातून येते. तिला पावलांचा आवाज नाही, जो घोड्याला परिचित आहे. ऐकू आलाच तर अकस्मात ब्रेकचा कर्कश स्वर किंवा मोकळ्या फिरणाऱ्या चाकाची टिकटिक ऐकू येते. मग एका डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी एकाएकी प्रकट होते आणि वेगाने पुढे सरकते. त्यावर बसलेली आकृती ओणवी आहे. तिचे डोके खाली आणि पाठ वर आहे. माणूस असा दिसत नाही. दबा धरून झेपावणारे जनावर असे दिसते, असे घोडे शिकविणारे जाणकार सांगतात. चालणारा माणूस घोड्याला माणूस म्हणून ओळखू येतो; सायकलवरचा माणूस तो बोलेपर्यंत ओळखू येतो असे नाही.

म्हणून सायकलस्वाराचा हेतू चांगला असणे पुरेसे नाही. घोड्याला हेतू कळत नाही. त्याला कळते ती दिशा, गती, आकृती आणि आवाज.

वेग आणि नजरेचा पल्ला

वनवाटेवरील धोक्याचे दुसरे कारण अंकगणिताचे आहे. सायकलस्वाराला समोरचे दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो असे धरू, आणि सैल मातीवर ब्रेक बेताचेच धरतात असे मानू. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर विचारात ५ मीटर आणि थांबण्यात सुमारे ४ मीटर, असे एकंदर ९ मीटर अंतर लागेल. तीच सायकल दुप्पट वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने जात असेल, तर विचारात १० मीटर जातील आणि थांबण्यास सुमारे १७ मीटर लागतील. एकूण २७ मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट झाले.

वनातील वळणावर कित्येकदा पंधरा-वीस मीटरच पुढचे दिसते. पहिल्या सायकलस्वाराला तेवढ्यात थांबता येईल, दुसऱ्याला येणार नाही. ओल्या खडूवर किंवा पानांच्या थरावर तर पहिल्याचेही हाल होतील. ह्यातून एक साधा नियम निघतो: जितके पुढचे दिसते तितक्यात थांबता यावे, एवढाच वेग असावा. घोडा समोर असो वा नसो, वळणापलीकडे तो आहे असे धरूनच वळणावर यावे.

अलीकडे बॅटरीच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलींमुळे ह्या गणितात भर पडली आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक शक्तीच्या आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरपर्यंतच साहाय्य देणाऱ्या अशा सायकलींना साध्या सायकलीसारखेच मानले जाते व घोडवाटा त्यांना खुल्या आहेत. पूर्वी चढावर सायकल नेहमी मंदच असे. आता ते गृहीत धरता येत नाही.

वाट देणे म्हणजे काय

कायद्यातील ‘वाट देणे’ हे दोन शब्द प्रत्यक्षात पुढील गोष्टींनी साध्य होतात.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. मागून येत असताना बऱ्याच अंतरावरून स्पष्ट पण सौम्य आवाजात बोलावे. घंटीनेही सूचना मिळते, परंतु माणसाच्या बोलण्याने घोड्याला अधिक दिलासा मिळतो, कारण ती आकृती माणसाची आहे हे त्याला त्यावरून समजते. काय बोलावे ह्याला महत्त्व नाही. साधा नमस्कारही पुरे. ब्रिटिश हॉर्स सोसायटी आणि सायक्लिंग यूके ह्या घोडेस्वारांच्या व सायकलस्वारांच्या संस्थांनी मिळून जी मोहीम चालविली, तिचा सारा भर एवढ्याच साध्या गोष्टीवर होता: सौजन्याने वागा आणि आवाज द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणे. वेग कमी करून घोडेस्वाराने होकार देईपर्यंत मागेच राहावे. आपला घोडा कसा आहे हे स्वारालाच ठाऊक असते. एखादा घोडा सायकलीकडे ढुंकूनही पाहत नाही. एखादा नुकताच शिकत असलेला असतो. पुढे जाता येईल का, हे विचारण्यास क्षणभरच लागतो. पुढे जाताना शक्य तितके अंतर राखावे, आणि गेल्यावर लगेच वेग घेऊ नये. घोडे दोन किंवा अधिक असतील तर त्यांच्या मधून सायकल नेऊ नये, कारण एका घोड्याला दुसऱ्यापासून तोडले तर दोघेही अस्वस्थ होतात.

समोरून गाठ पडल्यास वाटेच्या कडेला उभे राहावे, पण झाडामागे लपून राहू नये. लपलेली वस्तू घोड्याला दिसणाऱ्या वस्तूहून अधिक भयंकर वाटते. वाट डोंगराच्या कडेने जात असेल तर दरीच्या बाजूस उभे राहावे असा सल्ला अमेरिकेत दिला जातो. घोडा बुजलाच तर तो भीतीच्या कारणापासून दूर, म्हणजे डोंगराच्या बाजूस जाईल, दरीकडे नव्हे, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. अर्थात सायकलस्वाराने स्वतःला सुरक्षित अशीच जागा निवडावी.

हा व्यवहार एकतर्फी मात्र नाही. घोडेस्वारानेही आपला घोडा घरच्या आवारात सायकलीची सवय करूनच बाहेर काढावा. उभ्या सायकलीपासून आरंभ करावा, मग ती हाताने ढकलीत न्यावी, मग दुरून चालवावी, असे टप्प्याटप्प्याने घोड्याचे भय घालविता येते. वाटेत सायकलस्वार थांबलेला दिसल्यास घोड्याचे तोंड त्याच्याकडे वळवून त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहू द्यावे, रुंद जागा सापडताच बाजूला होऊन सायकलींना जाऊ द्यावे, आणि आंधळ्या वळणावर घोडा भरधाव सोडू नये. जो थांबला त्याचे आभार मानणे हाही ह्या व्यवहाराचा भाग आहे. ज्याच्या थांबण्याची कोणी दखल घेत नाही, तो पुढच्या वेळी थांबेलच असे नाही.

ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून जे बदल झाले त्यांनी ह्याच विचाराला सर्वसाधारण रूप दिले. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. सायकलस्वाराने घोड्याजवळून, विशेषतः मागून, वेगाने जाऊ नये असे त्यात सांगितले आहे, तर मोटारचालकाने घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैलांखाली ठेवावा आणि किमान २ मीटर अंतर राखावे असे म्हटले आहे.

वेगळ्या वाटा की एकच वाट

एवढ्या खटाटोपापेक्षा दोघांच्या वाटाच वेगळ्या का करू नयेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. काही ठिकाणी तसे केलेही आहे. वेल्समधील कोएड-इ-ब्रेनिन वनात १९९० नंतरच्या दशकात केवळ माउंटन बाइकसाठी वाटा बांधण्यात आल्या, आणि ब्रिटनमध्ये इतरत्र त्यांचे अनुकरण झाले. ज्याला वेगाचा आनंद घ्यावयाचा आहे त्याच्यासाठी ही योग्य जागा होय. क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कमध्येही सायकलींसाठी स्वतंत्र वाटा आहेत. न्यू फॉरेस्ट ह्या जुन्या राजवनात सायकलींना खुणा केलेल्या खडीच्या वाटांवरच जाऊ दिले जाते. तेथे मोकळे चरणारे हजारो तट्टू हेही त्याचे एक कारण होय.

परंतु सर्वत्र दोन वाटा करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. प्रत्येक नवी वाट म्हणजे वनाचा आणखी एक तुकडा. शिवाय वेगळ्या वाटा मागणाऱ्यांना पुष्कळदा वेगळी वाट मिळत नाही, केवळ बंदी मिळते. स्कॉटलंडने २००३ च्या जमीन सुधारणा अधिनियमाने नेमका उलट मार्ग पत्करला. तेथे पायी, सायकलवरून वा घोड्यावरून बहुतेक सर्व भूमीवर जाण्याचा हक्क सर्वांना मिळाला. अट एकच की त्याचा वापर जबाबदारीने व्हावा.

ह्या संदर्भात पेनाइन ब्रायडलवेचा इतिहास बोधप्रद आहे. १९८६ साली मेरी टाउनली ह्या घोडेस्वार महिलेने दोन सहकाऱ्यांसह उत्तर इंग्लंडमधील हेक्सॅमपासून डर्बीशरमधील ॲशबोर्नपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर घोड्यावरून प्रवास केला. घोडवाटांची दुर्दशा लोकांपुढे आणणे हा त्यांचा हेतू होता. त्यातून डोंगराळ पेनाइन प्रदेशात एक दीर्घ घोडवाट निर्माण करण्याच्या चळवळीला बळ मिळाले. टाउनली ह्यांचे २००१ मध्ये निधन झाले, आणि २००२ मध्ये त्या मार्गावरील सुमारे ७५ किलोमीटरचे एक वर्तुळ त्यांच्या नावाने खुले झाले. घोड्यावरून न उतरता उघडता येतील अशी फाटके, पुरेशी रुंदी, दूरवर दिसणारी वळणे ह्यांचा विचार करून आखलेला हा मार्ग आज सायकलस्वारांच्याही आवडीचा आहे. घोडेस्वारांनी झगडून मिळविलेली वाट सायकलस्वारांना आपोआप लाभली. कारण त्यामागे १९६८ चे तेच कलम होते: जेथे घोडवाट आहे तेथे सायकलला मुभा आहे.

ह्या एका गोष्टीतून दोघांचे खरे नाते स्पष्ट होते. घोडवाट बुजली, नांगरली गेली किंवा कुंपणात गेली तर दोघेही त्याच एका रस्त्यावर ढकलले जातात, जेथे मोटारी धावतात. तेथे घोडा आणि सायकल दोन्ही दुबळी आहेत. वनवाटेवर सायकल बलवान आणि घोडा भित्रा भासतो. मोटाररस्त्यावर हा फरक क्षणात नाहीसा होतो. म्हणून घोडेस्वाराने सायकलींवर बंदी मागावी किंवा सायकलस्वाराने घोड्याला जुनाट अडथळा समजावे, ह्यात दोघांचाही तोटा आहे. वाट टिकण्यासाठी ती वापरणारे लोक पुष्कळ हवेत, आणि ते एकमेकांच्या बाजूने बोलणारे हवेत.

१९६८ चे कलम लिहिणाऱ्यांना माउंटन बाइक माहीत नव्हती. तरीही त्यांनी घातलेली अट नव्या यंत्राला लागू पडली, कारण ती यंत्राच्या नव्हे तर वाटेवरील सर्वांत भित्र्या प्रवाशाच्या मापाने बेतलेली होती. आरंभीच्या प्रसंगातील तरुणाने वळणाअलीकडे वेग कमी करून एक शब्द उच्चारला असता, तर स्त्रीने घोडा वळविला असता, घोड्याने कान टवकारून त्याच्याकडे पाहिले असते, आणि तिघेही आपापल्या वाटेने गेले असते. त्यासाठी अर्धा मिनिट पुरेसा होता. सामाईक वाटेचा हक्क अबाधित ठेवण्यासाठी द्यावी लागणारी किंमत एवढीच आहे.